आतल्यांचं मत

मामंजी, अक्षर वाईट आहे, माफ करा. ऱ्हस्व-दीर्घ मला पहिल्यापासून जमत नाही, आणि मंगलच्या वहीची ही पानं दुरेघी आहेत, त्यांत माझं अक्षर मावत नाही. तुम्ही म्हणायचात, "सूनबाईची अक्षरं म्हंजी रजेवर निघालेली पलटण. एक बी लायनीत न्हाई." तुम्हाला दिसत होतं तेव्हाची ही गोष्ट. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि माझं अक्षर तुम्हाला दिसेनासं झालं. ते दिसत राहिलं असतं तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

तुम्हाला जाऊन एक महिना आणि चार दिवस झाले. काल मी सांगलीहून परत आले. कशाला गेले होते ते शेवटी सांगते. तुमच्याशी तोंड उघडून मी असं कधी बोललेच नाही, म्हणून सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमचा मुलगा पलटणीत, वर्षाकाठी दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने घरात तुम्ही आणि मी, पुढे मंगल झाली तेव्हा तीन माणसं. तुम्ही सोप्यात कॉटवर, मी आत चुलीपाशी, मध्ये उंबरा. सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही हे मी माहेराहून शिकून आले होते. त्यात माझा स्वभाव असा की दारात भाजीवाली आली तरी दर विचारायला मला जमत नाही. माहेरी हळद शिजवायच्या दिवसांत चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे कुणासमोर उभं राहून उत्तर द्यायची सवयही राहिली नाही. तुम्हाला चहा हवा की पाणी, ते मी तुमच्या खोकण्यावरून ओळखायची.

घरात बोलत होता तो फक्त रेडिओ. फळीवर ठेवलेला, वर मी भरलेला मोराचा रुमाल. सकाळची भक्तिगीतं, दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांचा, मधेमधे सिनेमातली गाणी. तुम्ही तो पेन्शनीइतका जपायचात. रेडिओच्या लायसनचं पुस्तक ट्रंकेत, आणि मुदत संपायच्या आधीच पोस्टात जाऊन पैसे भरून यायचात. म्हणायचात, "चोरून आयकायची आपली पद्धत न्हाई."

टोल्यांचं सुरू कसं झालं ते तुम्हाला आठवत असेल. मी भाकरी भाजत होते. एक गृहस्थ फार दुःखी आवाजात गात होते, दर ओळीला त्यांचं कुणीतरी जात होतं. गाणं संपलं आणि माझ्या हातातलं उलथणं तव्याच्या कडेवर दोनदा आपटलं. मुद्दाम नव्हे, पीठ झटकत होते. तुम्ही बाहेरून म्हणालात, "आतल्यांना न्हाई आवडलं वाटतं!"

मी घाबरले. पुढचं गाणं लागलं, एका बाईचं, जात्यावरच्या ओवीसारखं. ते संपलं तेव्हा उलथणं एकदा वाजलं. ते मात्र मी वाजवलं होतं. तुम्ही मोठ्यानं हसलात. "ठरलं मग. एक टोला म्हंजी पास, दोन म्हंजी नापास. सुभेदाराची ऑर्डर हाय."

त्या दिवसापासून प्रत्येक गाण्यावर, प्रत्येक नाटकावर तुम्ही विचारायचात, "आतलं काय म्हनत्यात?" मामंजी, त्याआधी मला कुणी काही विचारलं नव्हतं. लग्नाला होकार आहे का तेही नव्हतं विचारलं. आणि तुम्ही रोज दहा वेळा माझं मत विचारत होतात. मला ते आतून फार बरं वाटायचं. सकाळी चूल पेटवतानाच वाटायचं, आज काय लागेल, आज मी काय म्हणेन. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आधी लिहिलं.

आपलं पटायचं थोडं, भांडण जास्त. तुमचा तो दुःखी गाणारा तुम्हाला देवासारखा, मला तो रडका वाटायचा. मी दोन टोले मारले की तुम्ही चिडायचात. "अगं, बायको मेलीया त्येची गान्यात!" मी आणखी दोन टोले मारायची. एकदा मंगलला बाहेर पाठवून मी निरोप दिला, "आजोबांना सांग, मागच्या गाण्यात पण मेली होती." तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात आणि मंगलला पाणी आणायला पाठवलंत.

शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते दोघे बोलायचे, एक खतावरचा जाणकार आणि एक बिनडोक. तुम्ही म्हणायचात, "सात वर्सं झाली, ह्यो बिनडोक अजून युरिया कवा टाकायचा ते इचारतोय. पलटणीत असता तर डिसमिस केला असता." रेडिओवरच्या नाटकातल्या सासवा बोलायच्या आधी खोकतात, हे माझं म्हणणं. ते तुम्ही आधी मानलं नाहीत. मग आपण लागोपाठ चार नाटकं ऐकली. चारी सासवा खोकल्या. चौथी खोकली तेव्हा बाहेरून तुम्हीच कॉटच्या दांडीवर काठीनं एक टोला मारलात.

आणि पत्रं. सांगलीहून निघणारं ते साप्ताहिक तुम्ही पोस्टानं मागवायचात. शेवटून दुसऱ्या पानावर श्रोत्यांची पत्रं असायची, या आठवड्यात रेडिओवर काय ऐकलं, काय आवडलं, काय नाही. महिन्यातल्या सर्वांत चांगल्या पत्राला अकरा रुपये बक्षीस. तुम्ही दर सोमवारी कार्ड टाकायचात. त्यात पहिल्यांदा "माझे मत" आणि खाली "आतल्यांचे मत". आतले म्हणजे कोण ते त्या लोकांना कधी कळलं नसेल. कधी छापून यायचं, कधी नाही. आलं की तुम्ही अंक घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात जायचात. तिथं कणसे हवालदार आणि तुमचे बाकीचे पेन्शनर बसायचे, त्यांना ऐकवून यायचात.

डोळे गेले तेव्हा कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. ऑपरेशन तुमचा मुलगा रजेवर आल्यावर करायचं ठरलं होतं, आणि त्याची रजा पुढे पुढे जात होती. मी उंबऱ्याच्या आत पाटावर बसायची, तुम्ही बाहेरून सांगायचात. एक वाक्य झालं की विचारायचात, "लिवलं?" मी पाटावर एक टोला मारायची. शेवटी मी कार्ड आणि टाक बाहेर सरकवायची, बोट ठेवून जागा दाखवायची, आणि तुम्ही त्या बोटाशेजारी सही करायचात. काय लिहिलंय ते एकदाही कुणाकडून वाचून घेतलं नाहीत.

आता ते गाणं.

तुम्हाला ते आठवतं हे मला माहीत आहे. सिनेमातलं नवं गाणं होतं. आधी गिटार, मग मोठे ढोल, आणि ती बाई गायला लागायच्या आधी नुसतीच हसते. मधेच शब्द सोडून देते, भरून श्वास घेते, तो श्वास ऐकू येतो. तिला कुणाची परवानगी नको होती. मी पीठ मळत होते. हात परातीत तसेच राहिले. मंगल म्हणाली, "आई, पानी संपलं का?" मला ऐकूच आलं नाही.

गाणं संपलं. तुम्ही रेडिओलाच बोललात, "आरं, हे गानं हाय का परेड फुटल्याचा गोंधळ?" मग नेहमीसारखं, "आतलं काय म्हनत्यात?"

मी एक टोला मारला. जोरात.

तुम्ही म्हणालात, "एकच? दुसरा र्‍हायला न्हवं?"

मी दुसरा मारला नाही.

सोमवारी कार्ड लिहायला बसलो. तुम्ही सांगितलंत, "लिव्ह. या बाईच्या आवाजाला लाज नाही. लिवलं?" टोला. मी वाट बघत होते की नेहमीसारखं पुढे आतल्यांचं मत येईल. या वेळी ते येणार म्हणून दोन दिवस मी मनात वाक्यं जुळवत होते. तुम्ही म्हणालात, "आज आतल्यांचं मत घालायचं न्हाई. सुभेदाराच्या सुनेला असली गानी आवडत्यात असं छापून आलं तर लोक तुला नावं ठेवतील. माझं एकट्याचं जाऊ दे. लिव्ह, घरात लेकी-सुना असतात. अशी गाणी बंद करावीत. लिवलं?"

मी टोला मारला. पण ते लिहिलं नव्हतं.

मामंजी, मला राग आला होता. तुमचा राग मला आधी कधी आला नव्हता, त्यामुळे तो राग आहे हेही कळलं नाही. इतकी वर्षं माझी मतं तुम्ही कार्डावर घातलीत, फालतू गाण्यांवरची. आणि जे पहिलं मत खरंच माझं होतं ते तुम्ही गाळलंत. माझा हात भराभर चालला. तुमच्या पहिल्या वाक्याच्या पुढे मी लिहिलं, "हे गाणे ऐकताना माझे हात काम करायचे थांबले. अशी गाणी रोज लावावीत." आणि कार्ड तुमच्यापुढे सरकवलं, बोट ठेवलं. तुम्ही सही केलीत.

मला वाटलं होतं, छापून येणार नाही. इतक्या कार्डांतली दहात एक यायची. आलंच तर तुम्हाला दिसणार नाही. मंगल आजोबांना अंक वाचून दाखवते हे त्या रागात माझ्या डोक्यातून गेलं होतं.

अंक आला तेव्हा मी भांडी घासत होते. मंगल ओरडली, "आजोबा, तुमचा पयला नंबर! अकरा रुपये!" तुम्ही ताठ बसल्याचं कॉटच्या आवाजावरून कळलं. "वाच, वाच. मोठ्यानं वाच." आणि तिनं वाचलं, प्रत्येक शब्द सुटा करून, शाळेत वाचतात तसं. या बाईच्या आवाजाला लाज नाही. हे गाणे ऐकताना माझे हात काम करायचे थांबले. अशी गाणी रोज लावावीत. खाली तुमचं नाव, सुभेदार, निवृत्त, सातारा.

तुम्ही मंगलला म्हणालात, "जा, खेळ जा." ती गेली. मग तुम्ही उंबऱ्याकडे तोंड केलंत. "सूनबाई, लिवताना कायतरी इकडचं तिकडं झालं का?"

आवाज चढवला नव्हतात. पाणी मागताना बोलायचात तसं विचारलंत. हातातला तांब्या मी फरशीवर आपटला. दोनदा.

"बरं," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी एक टोला मारला असता तर तुम्ही चार शब्द बोलला असता आणि संध्याकाळी परत भांडण सुरू झालं असतं. मला हे आज दिसतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की तुम्ही उठून आत याल. तुम्ही कधीच आत आला नव्हतात, तरी.

दुसऱ्या दिवशी कणसे हवालदार दारातूनच हाका मारत आले. "काय सुभेदार! कुनाचा हात थांबला म्हनं?" त्यांचं हसणं शेजारच्या दोन घरांत गेलं. "हाटेलात भिंतीला डकवलाय तुमचा पेपर. लाज नसलेली बाई सुभेदाराला रोज पायजे! गड्या, वय काय तुमचं?"

आत मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, छापणाऱ्यानं घोळ घातला. किंवा म्हणाल, मला दिसत नाही, लिहिणाऱ्यानं काहीतरी लिहिलं. एवढं म्हणाला असता तर पुढचा प्रश्न हाच होता, लिहिणारा कोण?

तुम्ही म्हणालात, "व्हय. मीच लिवलंय. खाली सही हाय माझी. च्या घे आनि गप बस, कणश्या."

मी चहा केला. कपबशी उंबऱ्यावर ठेवली. अर्धा चहा बशीत सांडला होता. तुम्ही चाचपून ती उचललीत आणि हवालदारांना दिलीत.

लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून तुम्ही माझं मत गाळलं होतं, आणि ती सगळी नावं तुम्हालाच ठेवली गेली. आणि मी ते पदराआडून ऐकत राहिले.

चेष्टा थांबली असती. पण लोकांना सोपी चेष्टा सोडवत नाही. तुम्ही पेन्शन घ्यायला गेलात तरी कुणीतरी त्या गाण्याची चाल शिट्टीवर वाजवायचं. हळूहळू तुम्ही हॉटेलात जायचं बंद केलंत. डोळ्यांचं कारण सांगायचात. पत्रंही थांबली. सोमवार आला की मी पाट आणि टाक उंबऱ्याशी आणून ठेवायची, तुम्ही म्हणायचात, "आज काय सुचत न्हाई."

रेडिओ चालू होता. पण "आतलं काय म्हनत्यात" हे तुम्ही परत कधी विचारलं नाहीत. एकदा तुमच्या त्या दुःखी गवयाचं गाणं लागलं. मी त्याला मुद्दाम एक टोला मारला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पास केला. तुम्हाला कळलं असणार की सून माफी मागतेय. तुम्ही खोकलात आणि स्टेशन बदलून बातम्या लावल्या.

मग शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे टी.व्ही. आला. गच्चीवर अँटेनाचा एवढा उंच खांब, पुण्याच्या बाजूला तोंड करून. डॉक्टरांनी स्वतः येऊन बोलावलं, "सुभेदार, चित्र नाही दिसलं तरी ऐकायला या." तिथं कणसे हवालदार पहिल्या रांगेत असणार हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, येतो, आणि गेला नाहीत. मला मात्र म्हणालात, "तू जा मंगलला घिऊन. आनि येऊन मला पुरा रिपोर्ट दे. टोल्यात न्हाई. तोंडानं."

मी गेले. बायकांच्या मागे, दाराजवळ बसले. परत आले तेव्हा तुम्ही कॉटवर पाय सोडून तयारच बसला होतात. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले, दाराच्या चौकटीला धरून, आणि बोलायला लागले. कसं जमलं ते माहीत नाही. चित्रावर तीळ सांडल्यासारखे दिसतात, मग वर गच्चीवरून कुणीतरी ओरडतं "आता?" आणि खाली सगळे ओरडतात "गेलं, गेलं, मागं फिरव!" बातम्या सांगणारी बाई सरळ माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी डोक्यावरून पदर घेतला. शेजारच्या दोघींनी पण घेतला. पुरुष हसले. मग गाणी झाली. आपल्याला आवडते ती जात्यावरच्या ओवीसारखं गाणारी बाई दिसली, तर ती चष्मेवाली, अगदी मास्तरीणबाईसारखी. मी इतकी वर्षं तिला नथ घातलेली बघत होते.

तुम्ही मांडीवर थापा मारत होतात. "चष्मा? खरं सांगतीस?" कितीतरी दिवसांनी हसलात. "मग टी.व्ही. पास का नापास?"

मी म्हणाले, "रेडिओ बरा. त्यात आपलं आपल्याला बघता येतं."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "तुला बोलता येतंय की गं पोरी. लय चांगलं येतंय. मग तवा..."

आणि थांबलात.

मामंजी, तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. ते वाक्य मी पुरं करायचं होतं. एवढं बोलून झालं होतं, तोंड उघडलेलंच होतं. आणि मी म्हणाले, "दूध उतू जाईल." आत निघून गेले. चुलीवर दूध नव्हतं. तुम्हाला दिसत नव्हतं, पण दूध तापतंय की नाही हे नाकाला कळतं.

पुढे दर रविवारी मी जाऊन येऊन रिपोर्ट देत राहिले. नाटकातला नवरा टी.व्ही.वर पण रेडिओसारखा ओरडून बोलतो, सिनेमा ऐन रंगात आला की लाईट जाते, असलं सगळं. तुम्ही ऐकायचात, हसायचात. "तवा" मात्र परत म्हणाला नाहीत.

थंडीत छातीत कफ भरला. तुमच्या मुलाला तार केली, ते आले, आणि ज्या रजेत डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं त्या रजेत दुसरंच झालं. शेवटचे आठ दिवस मी तुमच्या पायाशी बसून होते. रोज ठरवायची, आज सांगायचं. पण खोलीत ते असायचे, भेटायला माणसं असायची. नवऱ्यासमोर, परक्यांसमोर हे कसं सांगू? कारण खरं होतं. पण एकदा ते औषध आणायला गेले होते, मंगल शाळेत होती, आपण दोघंच होतो. तेव्हाही मी फक्त पांघरूण सारखं केलं.

दहाव्याला कणसे हवालदार आले. रडत होते, खोटं नव्हतं ते रडणं. चार माणसांत म्हणाले, "सोन्यासारखा मानूस. एक त्या गान्याच्या पत्राचं सोडलं, तर डाग न्हाई." आणि रडता रडता त्यांना हसू आलं. बाकीचे पण हसले. मी आतून ऐकत होते. त्या वेळी मला तांब्या त्यांच्या पायाशी फेकावासा वाटला. पण हवालदारांचा काय दोष? पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

तुमच्या मुलाची रजा संपली. ते जाताना म्हणाले, "रेडिओचं लायसन भरायचं झालं असंल, बघून घे." मी तुमची ट्रंक उघडली. लायसनच्या पुस्तकात, मधल्या पानांत, घडी केलेली एक दहाची आणि एक एकाची नोट. त्यांच्याभोवती त्या अंकातलं ते कात्रण. आणि मनिऑर्डरची चिठ्ठी. बक्षिसाचे पैसे पोस्टमन देऊन गेला तो दिवस मला आठवत होता. मी समजत होते, तुम्ही तंबाखूत खर्च केले असतील. त्या चिठ्ठीच्या मागे, तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हाच्या तुमच्या अक्षरात, मोठं, तिरकं, एकावर एक चढलेलं, एकच लिहिलं होतं. "परत करणे."

मी ट्रंकेपाशीच बसले. तुम्ही परत केले नाहीत, कारण परत करताना का ते सांगावं लागलं असतं. मी सांगेपर्यंत तुम्ही ते पैसे ठेवून दिलेत. आणि मी वेळेत सांगितलंच नाही.

काल पहाटेच मंगलला डॉक्टरीणबाईंकडे ठेवलं. त्यांना सांगितलं, माहेरी जाते. गेले सांगलीला. साप्ताहिकाचा पत्ता अंकावर होता, विश्रामबागेत. स्टँडवरून तिथपर्यंत विचारत गेले. चार जणांना रस्ता विचारला मामंजी, मी. एका घराच्या पुढच्या खोलीत कचेरी होती, कागदांचे गठ्ठे, आणि टेबलामागे एक टक्कल पडलेले गृहस्थ, संपादक तेच. मी पैसे टेबलावर ठेवले. घाम असा सुटला होता की नोटा ओल्या झाल्या होत्या.

"वर्गणी का, बाई?"

"नाही. बक्षीस परत करायला आले आहे."

त्यांनी चष्मा वर केला. "परत? इथं लोक बक्षीस मागायला येतात, भांडायला येतात. परत द्यायला आजवर कोणी आलं नाही. कसलं बक्षीस?"

मी कात्रण पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि हसले. "अरे, हे सुभेदारांचं! आठवतं की मला. हात काम करायचे थांबले! वा. कसे आहेत ते?"

"गेले."

ते उठून उभे राहिले. मग हळू म्हणाले, "पण मग परत का, बाई?"

मी पाठ करून गेले होते. एसटीत सगळ्या रस्त्यानं तेच म्हणत होते. "यातलं पहिलं वाक्य त्यांचं. पुढची दोन त्यांची नाहीत. त्यांनी गाणी बंद करा असं सांगितलं होतं. मी बदललं. ते मत माझं होतं."

ते म्हणाले, "मग बक्षीस तुमचंच की! बक्षीस त्या दुसऱ्या वाक्यालाच दिलं होतं." आणि नोटा माझ्याकडे सरकवल्या.

मामंजी, हे ऐकून मला क्षणभर आनंद झाला. खरं सांगते, झाला. तो पण तुमच्यापासून लपवत नाही. मग मी नोटा परत त्यांच्याकडे सरकवल्या. म्हणाले, "त्यांनी परत करायला सांगितलंय. आणि ते मत सुभेदारांचं नव्हतं, असं तुम्ही छापा."

"बाई, दीड वर्ष झालं त्याला. आता कोण वाचणार?"

"साताऱ्यात कणसे हवालदार वाचतील. हॉटेलात बाकीचे वाचतील."

"आणि मत कोणाचं होतं म्हणून छापू? सुनेचं लिहायचं? लोक बोलतील तुम्हाला."

"बोलू दे. शालन लिहा. सुभेदारांची सून." माझं नाव मी परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं. तुमच्या मुलाला काय सांगायचं ते मी त्यांना पत्रात लिहीन. कणसे हवालदारांना कळेल तेव्हा ते दारात येऊन ओरडतील, तेव्हा चहा मी उंबऱ्याच्या बाहेर येऊन देईन. एवढं मी ठरवलं आहे.

संपादकांनी पावतीपुस्तक काढलं. आधी कसली पावती करायची ते त्यांना कळेना, मग लिहिलं. नोटा बोटाला थुंकी लावून मोजल्या, दोनच होत्या तरी. दहाची एक, एकाची एक.

"अकरा रुपये. पूर्ण मिळाले," ते म्हणाले आणि पावती पुढे केली. "बरोबर?"

तोंडानं हो म्हणायच्या आधी माझं बोट टेबलावर वाजलं. एकदा.